ठिणगी नेमकी कधी पडावी? रोटरी इंजिनाचं टायमिंग

वाराणसीहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर हजर आहे. मागच्या भागात आपण कार्ब्युरेटर उघडून पाहिला. आजचा विषय एका प्रश्नातून आला आहे. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी तरुणाने १९८३ सालची माझ्दा आरएक्स-७ विकत घेतली आहे. जुनी गाडी, पण इंजिन चांगलं आहे म्हणतो. त्याचा एक मित्र त्याला सांगतो, "डिस्ट्रिब्युटर जरा पुढे फिरव, गाडी कशी उडते बघ." त्याने मला विचारलं, "काका, फिरवू का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. कानाने ऐकून फिरवू नकोस. टायमिंग लाइट लाव, खुणा बघ आणि कारखान्याने सांगितलेल्या आकड्यावर ठेव. ते का आणि कसं, हे आता नीट समजून घेऊ. ज्यांच्याकडे रोटरी इंजिनाची गाडी नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांनीही बसून राहावं. यातली निम्मी गोष्ट तुमच्या स्कूटरला, जनरेटरला आणि आमच्या गंगेतल्या नावेलाही लागू पडते.

झोक्याचा हिशेब

लहान मुलाला झोक्यावर बसवून तुम्ही धक्का देता. झोका तुमच्याकडे येत असतानाच धक्का दिलात तर तो झोक्याला अडवतो आणि तुमच्या मनगटालाही झटका बसतो. झोका पार पुढे निघून गेल्यावर दिलात तर हात हवेतच फिरतो. झोका मागच्या टोकाला पोचून परत वळला, की त्या क्षणी दिलेला हलका धक्कासुद्धा पुरतो.

इंजिनात तसंच आहे. पिस्टन वर येतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. सगळ्यात वरच्या जागेला आपण टीडीसी म्हणतो. तिथून पिस्टन खाली वळतो. जळणाऱ्या वायूचा सर्वांत मोठा दाब वळणानंतर थोडा पुढे, टीडीसीनंतर साधारण पंधरा अंशांच्या आसपास यावा, म्हणजे धक्का कामी लागतो.

मग ठिणगी टीडीसीनंतरच पाडावी की! नाही. कारण मिश्रण बॉम्बसारखं एकदम फुटत नाही, ते जळतं. ठिणगीपाशी छोटी ज्योत तयार होते आणि पसरत जाते. त्याला वेळ लागतो. सुतळी बॉम्बची वात पेटवल्यावर आपण मागे पळतो ना, तेवढा वेळ मध्ये असतोच. म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. याला ॲडव्हान्स म्हणतात. ठिणगी मागे ढकलली तर रिटार्ड.

आता थोडं गणित. इंजिन मिनिटाला ७५० फेरे फिरतंय, म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे. एका फेऱ्यात ३६० अंश. म्हणजे सेकंदाला ४,५०० अंश, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात साडेचार अंश. तेच इंजिन ६,००० फेऱ्यांवर नेलं तर सेकंदाच्या हजाराव्या भागात शाफ्ट ३६ अंश फिरतो. ज्योतीचा वेग शाफ्टच्या वेगाइतका वाढत नाही. म्हणून फेरे वाढले की ठिणगी आणखी आधी पडावी लागते. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. इंजिनावर भार किती आहे त्याप्रमाणे व्हॅक्यूमचा डबा आणखी थोडा फरक करतो.

तुम्ही हाताने जे बसवता तो फक्त सुरुवातीचा आकडा. पुढची सगळी शिडी त्या पहिल्या पायरीवर उभी असते. पायरी पाच अंशांनी चुकली, तर वरची प्रत्येक पायरी पाच अंशांनी चुकते.

तिकोनी रोटर आणि दोन प्लग

रोटरी इंजिन हे जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांचं अपत्य. एनएसयू या जर्मन कंपनीने ते गाडीत आणलं, पण त्याला खरी चिकाटीने मोठं केलं ते हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने. १९६७ साली त्यांची कॉस्मो स्पोर्ट आली, १९७८ साली आरएक्स-७ आली, आणि १९९१ साली चार रोटरच्या माझ्दा ७८७बी गाडीने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

आपल्याकडे हे इंजिन रस्त्यावर नाही, पण आकाशात गेलेलं आहे. आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर एक देशी वांकेल इंजिन तयार केलं. एका रोटरचं, वजन साधारण ३० किलो, ताकद ५५ अश्वशक्ती. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळच्या जुन्या धावपट्टीच्या परिसरात 'निशांत' हे मानवरहित विमान त्या इंजिनावर उडालं. वजनाच्या मानाने ताकद जास्त आणि थरथर कमी, म्हणून छोट्या टेहळणी विमानाला हे इंजिन सोयीचं. कॅमेरा हलता कामा नये ना!

आता याची रचना बघा. सिलिंडर नाही, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. किंचित कंबर आवळलेल्या लांबट गोल घरात एक तिकोनी रोटर फिरतो. तो मधल्या एक्सेंट्रिक शाफ्टवर बसलेला असतो. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. रोटरला तीन बाजू, प्रत्येक बाजूवर आळीपाळीने ओढणं, दाबणं, जळणं, फेकणं. हिशेब केलात तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एक धक्का देतो. चार स्ट्रोकच्या पिस्टनला एका धक्क्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून एवढंसं इंजिन एवढी ताकद देतं. आपल्या मित्राच्या गाडीतलं १२ए इंजिन फक्त ११४६ सीसीचं आहे, ५७३ सीसीचे दोन रोटर.

पण देवाने एक दिलं की दुसरं काढून घेतो. पिस्टनच्या डोक्यावरची जागा आटोपशीर वाटीसारखी असते. रोटरीत मिश्रण जळतं ती जागा लांब, चपटी आणि सतत पुढे सरकणारी. शिवाय रोटर फिरतो तसं मिश्रण पुढच्या दिशेला ढकललं जातं. त्यामुळे ज्योत पुढे सहज धावते, मागे मात्र प्रवाहाविरुद्ध जावं लागतं. उजव्या तीरावरून नाव धारेबरोबर सोडायची आणि धारेविरुद्ध वल्हवायची, यातला फरक बनारसच्या कुठल्याही मल्लाहाला विचारा.

यावर उपाय म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग दिले. खालचा तो लीडिंग, वरचा तो ट्रेलिंग. मुख्य काम लीडिंगचं. मागच्या अरुंद भागात राहिलेलं मिश्रण जाळायला ट्रेलिंग. म्हणून ट्रेलिंगची ठिणगी सहसा उशिरा पडते. या दोन ठिणग्यांमधल्या अंतराला स्प्लिट म्हणतात. लीडिंग बंद पडला तर गाडी लगेच रडायला लागते. ट्रेलिंग बंद पडला तर आयडलला कदाचित कळणारही नाही, पण पेट्रोल जास्त जाईल आणि ताकद थोडी घटेल.

म्हणजे रोटरीत तुम्हाला एक नव्हे, दोन टायमिंग तपासायची आहेत. रोटर एकचे लीडिंग आणि ट्रेलिंग यांना एल-१, टी-१ म्हणतात. मागच्या रोटरचे एल-२, टी-२.

आता हात काळे करू

या काळातल्या १२ए इंजिनाच्या गाड्यांत आयडलला लीडिंगची ठिणगी शून्य अंशांवर, म्हणजे बरोबर टीडीसीला, आणि ट्रेलिंगची टीडीसीनंतर २० अंशांवर, असा आकडा असतो. आयडल साधारण ७५० फेऱ्यांचा. पण देश आणि साल बदललं की आकडा बदलू शकतो. तुमच्या गाडीच्या बॉनेटखालचं स्टिकर आणि दुरुस्तीचं पुस्तक, या दोघांचा शब्द अंतिम. पुढच्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये लीडिंगसुद्धा टीडीसीनंतर पाच अंशांवर असतो. ते बघून लोक दचकतात. दचकू नका. हा फक्त आयडलचा आकडा आहे, फेरे वाढले की ठिणगी पुढे जातेच.

सैन्यात असताना आम्ही जोंगा आणि निसान वन टनच्या पॉइंटचं टायमिंग फीलर गेज आणि एका बल्बवर बसवायचो. इंजिन बंद, शाफ्ट हाताने फिरवायचा, पॉइंट उघडला की बल्ब पेटायचा. ती पद्धत पक्की आहे, पण इथे नको. इथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पॉइंट नाहीत. टायमिंग लाइटच घ्या.

पहिलं, तयारी. गाडी उघड्यावर काढा किंवा गॅरेजचं दार पूर्ण उघडा, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. सदऱ्याची बाही, गळ्यातला रुमाल, ओढणी पंख्यापासून दूर. प्लग आणि वायरी ठीक आहेत ना, आणि चारही वायरी आपापल्या जागी आहेत ना, ते बघा. वायरींची अदलाबदल झालेली असेल तर पुढे काय वाटेल ते करा, आकडा जुळला तरी इंजिन नीट चालणार नाही.

दुसरं, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. दिवे, पंखा, एसी बंद. आयडल पुस्तकाप्रमाणे लावा. हे अगदी महत्त्वाचं. आयडल ११०० वर असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आधीच उघडायला लागलेली असू शकतात. मग तुम्ही ज्याला शून्य म्हणता ते शून्य नसतंच. व्हॅक्यूमच्या नळ्या काढायच्या की ठेवायच्या, हेही पुस्तकात बघा.

तिसरं, लाइटचा चिमटा एल-१ च्या वायरवर लावा. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दोन खुणा आहेत, एक पिवळी, एक लाल. पिवळी लीडिंगची, लाल ट्रेलिंगची. समोरच्या झाकणावर एक छोटी सुई आहे. खुणा काजळलेल्या असतील तर आधीच, इंजिन बंद असताना, पुसून खडूने किंवा रंगाने उजळा.

चौथं, लाइट पुलीवर मारा. प्रत्येक ठिणगीला लाइट लुकलुकतो, त्यामुळे फिरती खूण एका जागी थांबल्यासारखी दिसते. सरळ समोरून बघा. तिरकं पाहिलंत तर दोन-तीन अंशांची फसगत होते. पिवळी खूण सुईवर असेल तर काही करू नका, हात खिशात घाला. खूण सुईपर्यंत अजून पोचलेलीच नसेल तर ठिणगी लवकर पडते आहे. सुई ओलांडून गेली असेल तर उशिरा.

पाचवं, डिस्ट्रिब्युटरचं लॉकनट फक्त सैल करा, काढू नका. डिस्ट्रिब्युटर अगदी थोडा फिरवा, खूण कुठे जाते ते बघा. सुईवर आली की नट आवळा आणि पुन्हा तपासा. आवळताना तो हमखास सरकतो.

सहावं, आता चिमटा टी-१ वर. लाल खूण सुईवर यायला हवी. नसेल तर डिस्ट्रिब्युटर पुन्हा फिरवू नका, नाहीतर लीडिंग बिघडेल. ट्रेलिंगच्या व्हॅक्यूम डब्याचे स्क्रू सैल करून तो डबा किंचित आत-बाहेर सरकवायचा असतो. मग परत एल-१ वर येऊन पिवळी खूण बघा. दोन्ही एकाच वेळी बरोबर दिसेपर्यंत समाधान मानू नका.

सातवं, चिमटा एल-१ वर ठेवून एकाला हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायला सांगा. पिवळी खूण सुईपासून मागे सरकत गेली पाहिजे, सलग, न अडखळता. ती हलतच नसेल किंवा उड्या मारत असेल, तर आतली वजनं गंजली आहेत किंवा स्प्रिंग दमली आहे. अशा वेळी आयडलचा आकडा बरोबर असूनही गाडी रस्त्यावर चुकीच्या टायमिंगवर पळेल. बरेच लोक ही पायरी गाळतात.

कान का फसतो

आता मित्राच्या सल्ल्याकडे येऊ. "पुढे फिरव, गाडी उडते." तो खोटं बोलत नाही. आयडलला ॲडव्हान्स दिला की फेरे वाढतात, आवाज टणक होतो, ॲक्सिलरेटरला गाडी चटकन उठते. कानाला वाटतं, वा! पण आयडलला इंजिनावर भार नसतो. आत मिश्रण थोडं असतं, दाब कमी असतो, म्हणून ते लवकर आलेली ठिणगी पचवतं. तेच इंजिन चढावर, पूर्ण थ्रॉटलवर, उन्हाळ्यात चालवा. आत मिश्रण भरपूर, दाब आणि उष्णता जास्त. लवकर ठिणगी पडली तर दाब इतका चढतो की ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच ते नॉकिंग.

हाच प्रकार मी इथे घाटावर पाहिला. काही वर्षांपूर्वीपर्यंत बनारसच्या मोटारबोटी डिझेलवर भटभटत होत्या. २०२१ च्या सुमारास गेलच्या मदतीने शेकडो नावा सीएनजीवर आणायचं काम सुरू झालं आणि खिडकिया घाटावर, म्हणजे आताच्या नमो घाटावर, नावांसाठी गॅसचा पंप आला. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. तिथे डिझेल फवारण्याची वेळ सांभाळायची असते. गॅसवर आल्यावर नावेत स्पार्क प्लग आला आणि त्याबरोबर ठिणगीचं टायमिंगही आलं. गॅस पेट्रोलपेक्षा थोडा सावकाश जळतो, म्हणून त्याला ॲडव्हान्स जास्त लागतो, हे खरं. पण किती, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

भोसले घाटाजवळ नाव लावणाऱ्या एका मल्लाहाने कुणाच्या तरी सांगण्यावरून पिकअपची पट्टी पुढे सरकवली होती. म्हणाला, "साहब, आवाज तो बढ़िया हो गया, पर इंजन बहुत गरम होता है, गैस भी ज्यादा खाता है." रिकामी नाव उत्तम चालायची. वीस माणसं घेऊन धारेविरुद्ध अस्सीकडे निघाला की इंजिन तापायचं. टायमिंग लाइट लावून पट्टी मूळ खुणेवर आणली. आवाज मवाळ झाला, त्याचा चेहरा जरा पडला. दोन दिवसांनी भेटला तेव्हा म्हणाला की धारेविरुद्ध आता इंजिन दम टाकत नाही. त्याचं पोट त्या नावेवर आहे. दिवसाला एक-दोन फेऱ्या बुडणं म्हणजे काय, ते त्याला विचारा.

त्याचं इंजिन पिस्टनचं होतं, म्हणून त्याने तापून, कुरकुरून सूचना तरी दिली. रोटरी इंजिन बहुतेकदा एवढी सवड देत नाही. रोटरच्या तीन टोकांवर पातळ पट्ट्या असतात, ॲपेक्स सील. त्याच एका कप्प्याचा दाब दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. नॉकिंगचा जोराचा तडाखा बसला की ती पट्टी तडकते किंवा तिचा कोपरा उडतो. तुटलेला तुकडा घराच्या आतल्या गुळगुळीत थरावर रेघा ओढतो आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. टर्बो असेल तर जाता जाता त्याचीही पाती मारतो. मग कॉम्प्रेशन गेलं, गाडी सुरू होणार नाही, आणि इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय मार्ग नाही. रोटरीची सुटी घरं आणि सील दिवसेंदिवस महाग आणि दुर्मीळ होत आहेत. दोन अंशांच्या हौसेसाठी एवढी किंमत द्यायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ट्रेलिंगच्या बाबतीत तर अधिकच जपा. ट्रेलिंग पुढे आणून स्प्लिट कमी केल्याने मिळणारी ताकद थोडी आणि नॉकिंगचा धोका मोठा. डायनो, चांगलं पेट्रोल आणि जाणकार ट्यूनर हाताशी असल्याशिवाय त्या लाल खुणेशी खेळू नका.

उलट बाजूही सांगतो. घाबरून टायमिंग फार मागे नेलं तर सुरक्षित होतं असंही नाही. मिश्रण उशिरा जळतं, उष्णता शाफ्टला न मिळता एक्झॉस्टमध्ये जाते. रोटरीचा एक्झॉस्ट मुळातच फार तापट. गाडी मंद, पेट्रोल जास्त आणि मॅनिफोल्ड लालबुंद. म्हणून पुढेही नको आणि मागेही नको.

तर न्यूझीलंडच्या चिरंजीवांना माझं सांगणं असं: पहिल्या सुटीच्या दिवशी टायमिंग लाइट आण. आधी सध्याचा आकडा वहीत लिहून ठेव, मगच नटाला हात लाव. बसवल्यानंतरचे दोन्ही आकडे, तारीख आणि किलोमीटर लिही. सहा महिन्यांनी पुन्हा तपास. खूण आपोआप सरकलेली दिसली तर नट ढिला आहे किंवा आत काही झिजलं आहे, ते शोध. गाडी संथ वाटत असेल तर आधी कॉम्प्रेशन, प्लग, पेट्रोलचा फिल्टर आणि ती दोन वजनं बघ. दहापैकी अनेकदा दुखणं तिथेच सापडतं आणि डिस्ट्रिब्युटर उगाच बदनाम होतो.

पुढच्या भागात प्लग बाहेर काढून त्याच्या रंगावरून इंजिनाची तब्येत कशी ओळखायची ते बघू. तुमच्या गाडीचा जुना प्लग फेकू नका, बाजूला ठेवा. भेटू या. जय हिंद.